चिमटा

आधी हात लावायचा नाही. नुसतं बघायचं.
खानापूरच्या माझ्या दवाखान्यातली फरशी गुळगुळीत,
म्हणून तिला मागच्या दारानं फणसाखाली नेते.
भरमाण्णा कुंभार चार पावलं पुढं जाऊन हाक मारतो,
"बेळ्ळी, बा!"
बेळ्ळी निघते.
पुढचे दोन पाय निघतात.
मागचे दोन, कुणीतरी बांधलेल्या पोत्यासारखे,
मागून येतात.

कौलांचा टेम्पो रिव्हर्स घेत होता, तो सांगतो,
काल रात्री, भट्टीजवळ.

केसपेपरवर लिहिते: सावध. नावाला ओळख देते.
त्यानं कानडीत बोलावलं, मी मराठीत,
मान तितकीच वळली.
डोळ्यांवर हात नेते, पण वारा लागणार नाही असा;
नाहीतर पापणी वाऱ्याला मिटते
आणि आपल्याला वाटतं, दिसलं.
दिसतंय. बाहुल्या बॅटरीला आकसतात.
पुढचा पंजा उलटा ठेवला: झटक्यात सरळ.
मागचा उलटा ठेवला:
तसाच.
मी मोजते. दहापर्यंत. वीसपर्यंत.
पंजाची पाठ मातीवर, आणि तिला पत्ताच नाही.

रबरी हातोडी गुडघ्याखाली टेकवली की
पाय ताडकन उडतो, हवा त्याहून जास्तच.
"आम्ही बी मडकं असंच वाजवून बघतो,"
भरमाण्णा म्हणतो, आणि आल्यापासून पहिल्यांदा हसतो.

मग पाठ. कमरेपासून वर, मणक्याच्या कडेनं
कातडीला चिमटे घेत जाते.
काही नाही. काही नाही.
शेवटच्या बरगडीपाशी एकदम
माशी बसल्यागत कातडी थरथरते.
तिथं बॉलपेननं रेघ मारते.
रेघ म्हटलं की इकडची माणसं
एकतर गप्प होतात नाहीतर ओरडतात.
हा नुसतं रेघेवर बोट ठेवतो. "आणि हिच्या खाली?"
खाली पण बेळ्ळीच आहे, मी म्हणते.
निरोप तेवढा पोचत नाही.

राहिलं शेवटचं. ते मी नेहमी लांबवते.
आर्टरीचा चिमटा, बोटाच्या हाडावर. कातडीवर नाही, हाडावर.
डावा पाय. दाबते.
पाय मागं ओढला जातो.
"ओढला की ओ! बाई, ओढला!"
मी पायाकडे बघतच नाहीये.
मी तिच्या तोंडाकडे बघतेय.
बेळ्ळी फणसावरच्या खारीकडे बघतेय.

आता त्याला सांगायचंय
की पाय कण्याशी परस्पर बोलून मागं येतो,
डोक्याला न विचारता;
की मला आत्ता हिचं दुखायला हवंय.
हे वाक्य कसं म्हणायचं ते कॉलेजात शिकवलं नव्हतं.
दोनदा सुरुवात करते.
तो चिमट्याकडे बघतो, मग खारीकडे.
"वाजतंय," तो म्हणतो, "खरं झिरपतंय."

इकडं 'खरं' म्हणजे 'पण'.
साताऱ्याहून लग्न होऊन आले, तेव्हा
वर्ष गेलं होतं हे कळायला.

उजवा पाय.
आत पिशवीतलं कुणाचं तरी मांजर ओरडायचं थांबतं.
हाडावर. जोर वाढवते.
पाय येतो मागं. तो येणारच.
तोंड:
बेळ्ळी ओठ चाटते. एकदा.
बाहुल्या मोठ्या झाल्या, की ढग आला?
पुन्हा दाबते.
ती काहीतरी गिळते.

"चावली असती तर बरं झालं असतं,"
भरमाण्णा म्हणतो, आणि आपला हात
तिच्या जबड्याजवळ धरून ठेवतो.

डावा: नाही.
उजवा: इथं पेन्सिल घेते, एक प्रश्नचिन्ह काढते.
बेळगावला फोन करते, आत्ताच घेऊन जा.
टमटम हळू चालवायला सांग.
आणि फळीवर झोपवून ने, हलता कामा नये.
मडकी वाळवता ना, ती चालेल.